नानांचा दिवा आणि माझा नारळ

माझ्या भाच्यानं, धाकट्या भावाच्या सुहासनं, नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, जन्मशताब्दीची पुस्तिका छापून आणली आणि मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिली. गुळगुळीत कागद, वर नानांचा टोपीतला फोटो. मी चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, आणि तिथंच थांबले. लिहिलं होतं: ‘वयाच्या पंचेचाळिशीत नानांनी गल्लीतल्या म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली बसून, कोणाच्याही मदतीशिवाय, इंग्रजी भाषा आत्मसात केली.’ दिव्याखाली! अरे, उज्जैनच्या आमच्या त्या गल्लीत खांब होता, दिवा कुठं होता? दिवा पोरांनी दगड मारून कधीच फोडला होता आणि खांबाला म्हशी अंग घासायच्या. शिवाय नाना साडेआठला जेवून नऊला घोरायला लागणारे गृहस्थ. ते रस्त्यावर बसून वाचणार? आणि ‘कोणाच्याही मदतीशिवाय’! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुहासला म्हटलं, हे कोणी सांगितलं तुला? तर म्हणतो, “आत्या, आजोबा स्वतःच सांगायचे ना.” सांगायचे, बरोबर आहे. तेच तर माझं दुखणं आहे. म्हणून आता मी लिहून ठेवते, कारण त्या वेळी त्या घरात असलेली आता मी एकटीच उरले आहे.

आम्ही जुन्या शहरात एका कुंकवाच्या दुकानाच्या वर राहत होतो. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि पुढं लाकडी गॅलरी. खाली दिवसभर कुंकू चाळायचे. त्या चाळणीचा सरसर आवाज आमच्या घराला इतका लागलेला होता की दुकान बंद असलं की आई म्हणायची, आज घर कसं मुकं वाटतंय. जिन्याच्या पायऱ्या कायम लाल, आमच्या टाचा लाल, नानांच्या धोतराचा काठही लाल. पुण्याहून आत्येभाऊ आला की नाक मुरडायचा, आमच्या कपड्यांना आणि आमच्या मराठीलाही. “तुम्ही लोक ‘परेशान झालो’ काय म्हणता? ‘फिजूल’ काय म्हणता?” म्हणायचा. आम्ही म्हणणारच. आमच्या पणजोबांचे आजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर हिशेबनीस म्हणून इकडे आले, तेव्हापासून आम्ही आमटीभाताबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे बाफलेही खातो आणि मराठीत हिंदीही बोलतो. सकाळी आई पोह्यांवर खोबरं पेरायची आणि नाना त्यावर शेवही घालून घ्यायचे. आत्येभाऊ नावं ठेवत ठेवत दोनदा मागून घ्यायचा.

नाना सरकारी कचेरीत होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि त्यांची हिंदी अशी की कलेक्टरसुद्धा म्हणायचे, मसुदा त्यांच्याकडून करून घ्या. संस्थान होतं तेव्हा कारभार हिंदीत, संस्थान गेलं, मध्यभारत झाला, तरी कारभार हिंदीतच. झेंडा बदलला, वरचे साहेब बदलले, नानांची दौत होती तिथंच राहिली. मग एके दिवशी मध्यभारतही गेला. नवा मोठा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि जबलपूरकडच्या लोकांबरोबर आमच्या लोकांची ज्येष्ठता एकत्र लावायला सुरुवात झाली. तिकडचे लोक इंग्रजीत काम करून आलेले. नानांच्या कचेरीत जो नवा साहेब आला त्यानं नानांचा मसुदा दोन बोटांत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “यह तो बहुत सुंदर है, पर इसका मैं करूँ क्या?” सुंदर म्हणाला, म्हणून तर नानांना जास्त झोंबलं. इंग्रजीची एक परीक्षा ठेवली होती. पास झाले तर भोपाळच्या मोठ्या कचेरीत जागा, नापास झाले तर हाताखालच्या पोरांच्याही खाली, कुठल्या तरी आडगावच्या तहसिलीत. एवढी वर्षं इमानानं घासलेल्या माणसाला पंचेचाळिशीत सांगायचं की तुला काही येत नाही! मला आजही त्या साहेबाचा संताप येतो. नानांच्या बाजूनं मी तेव्हाही होते आणि आजही आहे, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी म्हणायला नको की म्हातारी बापावर उठली.

फ्रीगंजात एक मास्तर इंग्रजीचे क्लास घेत. नाना पूल ओलांडून तिथं जाऊ लागले. वर्गात सगळी मॅट्रिकची पोरं, त्यांच्यात मागच्या बाकावर टोपी घातलेले नाना. मास्तरांनी त्यांना उभं करून एक वाक्य वाचायला सांगितलं, नाना अडखळले, पोरं हसली, आणि मास्तरही हसले. आठवडा पुरा व्हायच्या आत नानांनी क्लास सोडला. घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, “पाठवू दे तहसिलीत. माझं डोकं नाही चालत त्या भाषेत.”  पोळी लाटता लाटता आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी त्या वर्षी मॅट्रिकला बसले होते, आणि इंग्रजीत आमच्या मुलींच्या शाळेत माझ्या पुढं कोणी नव्हतं. ही बढाई नाही. होतं ते सांगते.

“नाना, मी शिकवू?” मी विचारलं. ते एकदम भडकले. “आता हेच राहिलं होतं! बाप पोरीपुढं पाटी घेऊन बसणार!” पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसले असताना, ते दाढीचा आरसा घेऊन तिथंच येऊन बसले. त्यांची दाढी एरवी गॅलरीत व्हायची. आरशात बघत, गालाला साबण फासत, जणू सहज म्हणाले, “ते ‘गेट’ म्हणजे नक्की काय गं?” मी म्हटलं, “मिळणे.” म्हणाले, “मिळणे. ठीक. मग ‘गेट अप’ म्हणजे मिळून वर जाणे का?” आणि अशी आमची शाळा सुरू झाली. रोज सकाळी आरसा आणि डाळ, ठरलेलं. खालून कोणी आवाज दिला की नाना घाईनं वस्तरा उचलायचे, जणू दाढीच चालली आहे. त्या दिवसांत नानांचा गाल इतका गुळगुळीत असायचा की कचेरीत लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नाची बोलणी चाललीत.

त्या एका क्रियापदानं आमचं घर डोक्यावर घेतलं. मी नानांना दिवसभराची कामंच इंग्रजीत म्हणायला लावायची. उठले की ‘आय गेट अप’. नळावरून पाणी आणलं की ‘आय गेट वॉटर’. टांग्यात चढताना ‘गेट इन’, उतरताना ‘गेट डाउन’. ताप आला ‘गेट फीवर’, बरे झाले ‘गेट वेल’. ‘आय गेट अँग्री’ हे वाक्य मात्र त्यांना पहिल्या झटक्यात आलं. पण एका सकाळी त्यांचा धीर सुटला. त्यांनी पुस्तक फेकलं ते थेट पिठाच्या डब्यावर. “ही भाषा आहे की धर्मशाळा? कोणीही यावं आणि त्या एका शब्दात मुक्काम करावा! मिळायचं तरी गेट, व्हायचं तरी गेट, पोचायचं तरी गेट, समजलं तरी गेट! या लोकांना दुसरे शब्द नव्हते? आणि ह्यांनी आपल्यावर राज्य केलं!”

मी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, “नाना, भूक लागली का तुम्हाला?”

“लागली. मग?”

“काल जिन्यात ठेच लागली ना?”

“लागली. त्याचं काय आता?”

“तुमच्या कचेरीतल्या दुबेजींच्या मुलाला नोकरी लागली. झाडाला जांभळं लागली. तुम्ही साहेबाचं बोलणं मनावर घेतलंत, ते तुम्हाला लागलं. मला उचकी लागते, आईला झोप लागते, पत्रावर तिकीट लागतं, फ्रीगंजला जायला अर्धा तास लागतो. आता सांगा, ‘लागणे’ म्हणजे नक्की काय?”

नाना वस्तरा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. अर्धा गाल पांढरा, अर्धा मोकळा. मी म्हटलं, “तुम्ही हे पाठ केलंत का कधी? नाही ना? शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघता आणि अर्थ कळतो. ‘गेट’चंही तसंच करायचं. त्याच्याकडे बघायचंच नाही. शेजाऱ्याकडे बघायचं.” ते हसायला लागले. साबणाचा फेस डाळीत उडाला. “लागणे! अरे वा! वेड लागणे, नाद लागणे, वाट लागणे…” आणि आई चुलीपासून ओरडली, “आणि दूध खाली लागलं, तुम्हा बापलेकींच्या नादात!” त्या दिवशी आम्ही करपट चहा प्यायलो आणि नानांनी दोनदा मागून घेतला. मी पुढं आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मोठमोठी पुस्तकं वाचली, पण त्या सकाळी मला जे सुचलं त्याच्या तोडीचं पुन्हा काही सुचलं नाही. म्हणून ते माझं आहे. ते मी कोणाला देणार नाही.

त्याच सकाळी मी संधी साधली. माझी मॅट्रिक होत होती, आणि मला कॉलेजात जायचं होतं. आमच्या नात्यात तोवर कोणी मुलगी कॉलेजात गेली नव्हती. नाना आजवर हा विषय निघाला की पानाची डबी शोधायला लागायचे. मी म्हटलं, “नाना, तुम्ही पास झालात तर मला कॉलेजात घालणार?” खुशीत होते. म्हणाले, “घालीन. बिलकुल घालीन. माझा शब्द.” आईनं चुलीवरून मान वळवून म्हटलं, “ऐकलं हं मी.” “ऐक ना,” ते म्हणाले, “मी काय चोरी करतोय?”

मी मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झाले. नानाही पास झाले. आईनं श्रीखंड केलं, खालच्या कुंकूवाल्यांना वाटी पाठवली. आणि लगेच भोपाळला हजर व्हायचा हुकूम आला. धाकट्या दोघांची शाळा उज्जैनला, म्हणून आईनं इथंच राहायचं ठरलं. नाना भोपाळात कसे राहणार, काय जेवणार, यावर घरात दोन दिवस खल चालला. मी माझी कॉलेजची स्वप्नं रंगवत होते, माझ्या ध्यानीमनीही काही नव्हतं.

आता गुरुपौर्णिमेचं सांगायला हवं. नानांचा एक नेम होता. ज्यानं आपल्याला काहीही शिकवलं, त्याला गुरुपौर्णिमेला नारळ द्यायचा आणि पाया पडायचं. काहीही म्हणजे काहीही. मोडी शिकवणारे पंतोजी, क्षिप्रेत पोहायला शिकवणारे रामघाटावरचे पंडे, सायकल शिकवणारे रहमतचाचा. रहमतचाचा हसत म्हणायचे, “अरे बाबूजी, मेरे पाँव?” तरी नाना वाकायचेच. मला नानांचा हा नेम फार आवडायचा. लहानपणी मी त्यांचं बोट धरून त्या फेरीला जायची. त्या दिवशी सकाळी नारळ सोलून, शेंडी ठेवून, त्यांना हळदकुंकू लावायचं काम माझं. कुंकू काय, खाली पोत्यांनी होतं.

त्या वर्षीही मी नारळांना कुंकू लावत बसले होते. एरवी चार लागायचे, या वेळी एक नारळ जास्त होता.  खरं सांगते, मला वाटलं तो माझा. वेडीच मी! मला लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. नाना माझ्यापुढं वाकणार नाहीत हे मला कळत होतं, पण हातात तरी देतील, “घे कुमू” तरी म्हणतील, एवढं मनात आलं. मी त्या नारळाला सगळ्यांत ठसठशीत कुंकू लावलं.

तेवढ्यात नानांच्या कचेरीतले दुबेजी अभिनंदन करायला आले. मी चहा घेऊन गॅलरीत गेले. दुबेजी म्हणत होते, “बधाई हो, भाई साहब! इस उमर में अंग्रेज़ी! कैसे किया?” नानांनी मिशीवरून हात फिरवला. “बस, दुबेजी, मेहनत. लालटेन के नीचे बैठ-बैठकर पढ़ा. और एक दिन मुझे सूझा, हमारा ‘लगना’ देखिए। भूख लगती है, चोट लगती है, नौकरी लगती है…” सगळं माझं, जसंच्या तसं. जांभळंसुद्धा. “शब्द को मत देखिए, उसके पड़ोसी को देखिए।” दुबेजी म्हणाले, “वाह! क्या बात कही!” आणि मी ट्रे हातात घेऊन तिथंच उभी. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. कप उचलला आणि म्हणाले, “कुमू, तो पाचवा नारळ वेगळा बांध. तो फ्रीगंजच्या मास्तरांना.”

फ्रीगंजच्या मास्तरांना! जे ह्यांना उभं करून हसले त्यांना!

दुबेजी जिना उतरेपर्यंत मी कशीबशी दम धरला. मग नाना आत आले आणि पिशवी उचलता उचलता म्हणाले, “आणि तुझेही कपडे काढून ठेव. माझ्याबरोबर भोपाळला चलायचंय. खानावळीचं मला मानवत नाही. तू दोन वेळचं करशील. कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू.” इतक्या सहज म्हणाले, जणू छत्री बरोबर घे म्हणतायत.

मी त्या पिशवीतून पाचवा नारळ काढला आणि उंबऱ्यावर आपटला. दोन तुकडे झाले, पाणी नानांच्या पायावर उडालं. “नाना, मास्तरांनी तुम्हाला काय शिकवलं? सांगा, एक शब्द सांगा! रहमतचाचाला नारळ, पंड्याला नारळ, हसणाऱ्याला नारळ. आणि मला काय? तुमचं पोळपाट?” माझा आवाज फाटला होता. खाली चाळणी थांबली. नाना लालबुंद झाले. “मुलीला नारळ देतात? बापानं पोरीच्या पाया पडायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

“पाया नका पडू,” मी म्हटलं, “दुबेजींना निदान खरं सांगायचंत.”

त्यावर ते पानाची डबी शोधायला लागले. तेव्हा आई उठली. आई कधी मोठ्यानं बोलायची नाही, तेव्हाही बोलली नाही. तिनं खोबऱ्याचे तुकडे उचलले, पदराला पुसले आणि म्हणाली, “कुमू भोपाळला येणार नाही. तुम्ही शब्द दिलात, मी ऐकलाय.”

“मग मी खाऊ काय?” नाना म्हणाले.

“शिका. पंचेचाळिशीत इंग्रजी आलं, तर खिचडी का नाही येणार? कुमू शिकवेल. आणि तिचं नाव कॉलेजात घातल्याशिवाय तुमची वळकटी मी बांधणार नाही.”

त्या दिवशी नाना फेरीला गेले, पण फ्रीगंजला गेले नाहीत. न्यायला नारळच नव्हता. आईनं त्याच्या वड्या केल्या. संध्याकाळी नानांनी ताटातली वडी बराच वेळ नुसती फिरवली, मग खाल्ली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या तयार राहा. कॉलेजात जायचंय.” आणि त्या आठवड्यात मी त्यांना खिचडी शिकवली, पिठलं शिकवलं, भाताचं पाणी बोटाच्या पेरानं मोजायला शिकवलं. शिकायला ते हुशार होते हो, ते कबूल करायलाच हवं. वळकटी आईनं बांधली, मी टांग्यापर्यंत डबा नेला. टांगा हलला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आता म्हणतील. ते म्हणाले, “मीठ शेवटी घालायचं ना?”

कॉलेज मिळालं. नोकरी मिळाली. माझं सगळं आयुष्य त्या उंबऱ्यावरून पुढं गेलं, आणि ते नानांनी शेवटी मोडता घातला नाही म्हणून गेलं, हे मी विसरलेले नाही. पण त्या माणसानं पुढची तीस वर्षं पाहुण्यांना ‘लागणे’ सांगितलं, माझ्या देखत, माझ्या नवऱ्याच्या देखत, माझ्या विद्यार्थिनींच्या देखत. कंदिलाचा दिवा झाला, दिव्याचा खांब झाला. खिचडीसुद्धा म्हणे ते भोपाळात स्वतःच्या स्वतः शिकले! मी दर वेळी म्हणायची, “नाना!” आणि ते दर वेळी पानाची डबी शोधायचे. मरेपर्यंत शोधली.

सुहास म्हणतो, “आत्या, पुस्तिका छापून झाली, आता जाऊ दे ना.” सगळे मला हेच सांगतात, जाऊ दे. गेली पंचावन्न वर्षं जाऊच देतेय की! रविवारी माधव नगरच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. मोठी मुलगी म्हणून नानांच्या फोटोपुढं नारळ मी वाढवायचा, असं त्यानं ठरवलंय. वाढवीन. नानांच्या डोळ्यांत बघून, दिवा, खांब, म्हशी, सगळं सांगून मग वाढवीन. पण एकही भकल तिथं ठेवणार नाही. दोन्ही पदराला पुसून घरी आणीन. तो नारळ माझा आहे.